मदत काढून घ्या, मग बघा: कॉलेजचा अभ्यास झेपेल का हे ओळखायची माझी पद्धत

"मॅडम, कॉलेजचं झेपेल का हो याला?"

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. कधी आई-वडील विचारतात, कधी शाळेतले शिक्षक, आणि क्वचित कधी खाली मान घालून मूल स्वतःच विचारतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुलंही माझ्याकडे येतात, ती याच प्रश्नासाठी.

सुरुवातीला मी गुणपत्रिका बघून उत्तर द्यायचे. एका मुलीच्या आईला मी असंच सांगितलं होतं, "अगदी निर्धास्त राहा." मुलीचे मार्क उत्तम होते, अक्षर सुरेख होतं, वह्या पूर्ण होत्या. पुढे ती माझ्याच वर्गात आली. पहिल्या चाचणीत तिने वीस मार्कांचा एक प्रश्न पूर्ण कोरा सोडला. मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे शिकवलंच नव्हतं." खरंच शिकवलं नव्हतं. ती सात पानं मी घरी वाचायला सांगितली होती. ती आळशी नव्हती, आणि अभ्यास टाळणाऱ्यांपैकी तर मुळीच नव्हती. वाचायला सांगायचं आणि पुढे त्यावर कोणी काही समजावायचं नाही, असं तिच्या आयुष्यात तोवर घडलंच नव्हतं. तिला ओळखण्यात चूक माझी झाली होती. मी तिचे मार्क पाहिले होते, ते कसे आले ते पाहिलं नव्हतं.

शाळेतले मार्क मुलाचे असतात, तसेच ते शिक्षकांचे असतात, शिकवणीचे असतात, सराव प्रश्नपत्रिकांचे असतात, आणि "उद्या पेपर आहे, बस अभ्यासाला" असं म्हणणाऱ्या घरातल्या माणसांचेही असतात. कॉलेजात यातलं मूल तेवढं उरतं. म्हणून माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: एकेक मदत काढून घ्यायची आणि काय होतं ते बघायचं.

आधी कॉलेजचं काम म्हणजे किती ते समजून घ्या

अमेरिकेत क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायचं एकक, धरून जो हिशेब करतात त्यात वर्गातल्या एका तासामागे बाहेरचे किमान दोन तास धरलेले असतात. म्हणजे आठवड्याला १५ तास वर्ग असेल तर ३० तास स्वतःचे. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास, आणि त्यात स्वतंत्र अभ्यासाचा वाटा मोठा. देश कुठलाही घ्या, अभ्यासाचा मोठा भाग कोणी बघत नसताना होतो, आणि शाळेच्या परीक्षेत नेमका हाच भाग तपासला जात नाही.

मार्क आणि प्रवेश चाचण्या: वाचा, पण नीट वाचा

मार्क निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. एका दिवसाच्या चाचणीपेक्षा तीन-चार वर्षांची गुणपत्रिका मला जास्त विश्वासाची वाटते, कारण त्यात सातत्य दिसतं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरमधल्या अभ्यासकांनी हे तपासून पाहिलं आहे. कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी जी चाचणी घेतात, तिच्यामुळे गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात बसत होता. त्यातही बरेचसे असे होते की वरचा वर्ग त्यांना जमला असता आणि त्यांना खाली बसवलं गेलं. शाळेची गुणपत्रिका जोडीला धरली की या चुका कमी होत होत्या.

गुणपत्रिका बघताना एकूण टक्के बाजूला ठेवा. तीन गोष्टी शोधा. एखादा विषय वर्षागणिक घसरतो आहे का? वर्षभराच्या कामाचे आणि अंतिम परीक्षेचे मार्क यांत मोठी तफावत आहे का? आणि मुलाने अवघड विषय घेतला होता की सोपा? अवघड विषयातले मध्यम मार्क मला पुष्कळदा जास्त आशा देतात.

सॅटसारख्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या, चाचणीचा निकाल हातात असेल तर त्याचा अर्थ काय आहे तो समजून घ्या. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने तयारीची जी रेषा ठरवली आहे ती गणितात ५३० आणि वाचन-लेखनात ४८०. तिथे पोचलेल्या मुलाला पहिल्या सत्रातल्या संबंधित विषयात किमान 'सी' श्रेणी मिळण्याची शक्यता ७५ टक्के. म्हणजे रेषेवरच्या चार मुलांपैकी एकाला तेवढंही मिळत नाही, हे त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. "रेषा ओलांडली, आता काळजी नाही" असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे शांतपणे समजावून सांगते.

वाचनाची कसोटी

सगळं सोडून एकच कसोटी घ्यायची असेल तर ही घ्या.

मूल जो विषय पुढे शिकणार आहे, त्याच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातली सहा ते आठ पानं निवडा. प्रकरणाच्या मधली निवडा, जिथे आकृती आहे, एखादी नवी संज्ञा आहे आणि एखादं उदाहरण अर्धवट सोडवलेलं आहे. पानं द्या, पेन्सिल द्या, आणि "वाच, यावर नंतर बोलू" एवढंच सांगा. प्रश्न आधी देऊ नका, प्रस्तावना करू नका. साधारण पाऊण तास द्या. जास्त लागला तर लागू द्या, फक्त किती लागला ते टिपून ठेवा.

मग पानं परत घ्या आणि कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा: यात काय सांगितलं आहे, कुठे अडलं, आणि लेखक समोर असता तर काय विचारलं असतं.

आता ती परत घेतलेली पानं बघा. माझ्याकडे दोघांची एकाच प्रकरणाची पानं जपून ठेवलेली आहेत. एका मुलाने जवळजवळ प्रत्येक ओळ अधोरेखित केली आहे. पट्टी लावून, सरळ रेघा. पाचव्या पानावर आकृती आहे, तिच्यावर पेन्सिलीचा ठिपकाही नाही. त्याने सारांशात पहिल्या दीड पानातली वाक्यं जशीच्या तशी लिहिली आणि "कुठे अडलं" या प्रश्नाखाली लिहिलं, "कुठेच नाही." दुसरी पानं एका मुलीची. तिसऱ्या पानाच्या समासात बारीक प्रश्नचिन्ह आहे. पाचव्या पानावर, आकृतीच्या शेजारी, एक बाण मागे वळवलेला आहे आणि लिहिलंय, "पान ३ चं उत्तर इथे?" सहाव्या पानावर एक आकडा गोल करून शेजारी स्वतः गुणाकार करून बघितलेला आहे. तिचं "कुठे अडलं" पाऊण पान भरलं होतं.

शाळेत त्या मुलाचे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते. पण कॉलेजसाठी तयार ती होती. आपल्याला कळलेलं नाही हे कळणं, आणि ते नेमकं कुठे हे बोट ठेवून दाखवता येणं, यासारखी दुसरी खूण मला अजून सापडलेली नाही.

कसोटी इथे संपत नाही. दोन दिवसांनी, आधी न सांगता, पुन्हा विचारा: "परवा वाचलेलं काय आठवतंय?" २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं: दोनदा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं सुमारे ५६ टक्के. म्हणूनच वाचल्यावाचल्या घेतलेली परीक्षा फसवते. दोन दिवसांनंतर जे उरतं त्यावरून मूल कसा अभ्यास करतं ते कळतं. ज्याच्याकडे काहीच उरत नाही त्याला आधी "तू पाठ कसं करतोस?" हे विचारा. बहुतेक उत्तर येतं, "परत परत वाचतो."

गणिताची कसोटी

पालकांना वाटतं, कॉलेजात कॅल्क्युलससारखं वरच्या पातळीचं गणित जड जातं. माझा अनुभव वेगळा आहे. मुलं अडकतात ती त्याच्या बऱ्याच आधीच्या पायऱ्यांवर: अपूर्णांक, कंस, घातांक, गुणोत्तर, आलेख. कॅल्क्युलसचं पाऊल बरोबर पडतं आणि त्यानंतरच्या बेरजेत सगळं ढासळतं.

त्यामुळे अवघड गणितं देऊ नका. चुकीची सोडवलेली गणितं द्या आणि चूक शोधायला सांगा. माझं आवडतं उदाहरण: क्षचा वर्ग अधिक ९, या सगळ्याचं वर्गमूळ बरोबर क्ष अधिक ३. हे वाक्य बरोबर की चूक? कितीतरी हुशार मुलं "बरोबर" म्हणतात. इथे लगेच दुरुस्त करू नका. थांबा, आणि मूल ते पडताळायला काय करतं ते बघा. ज्याला कोणी न सांगता "क्षच्या जागी ४ घालून बघू" असं सुचतं, तो १६ अधिक ९ म्हणजे २५, त्याचं वर्गमूळ ५, आणि उजवीकडे मात्र ७, असं स्वतःच गाठतो. नियम विसरलेला असला तरी असं मूल तरून जातं. नियम पाठ आहे पण पडताळायची सवय नाही, ते मूल एक दिवस अडकतं.

दुसरी कसोटी माझ्या विषयातली, पीएचची, म्हणजे द्रावण किती आम्ल आहे ते सांगणाऱ्या आकड्याची. पीएच ३ असलेलं द्रावण आणि पीएच ५ असलेलं द्रावण, यांत हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात किती पट फरक? लॉगॅरिदमचा धडा नुकताच झालेली मुलंही "दोन" म्हणतात. उत्तर १०० पट, कारण पीएचमधला एकेक अंक म्हणजे दहा पट फरक. सूत्र त्यांना येतं, पण सूत्र कशाबद्दल बोलतंय ते आलेलं नसतं. तुमच्या विषयात असा एखादा प्रश्न शोधून ठेवा, ज्यात आकडेमोड जवळपास नाही पण अर्थ लागल्याशिवाय उत्तर येत नाही.

आणि एक करा. चार-पाच वेगवेगळ्या प्रकरणांतली शाब्दिक गणितं मिसळून द्या, वर प्रकरणाचं नाव न लिहिता. शाळेच्या पुस्तकात गणित कुठल्या धड्याखाली आहे यावरूनच अर्धं उत्तर कळतं. तो आधार काढला की मूल किती वेळ नुसतं बघत बसतं, ते घड्याळ लावून बघा. बघत बसणं वाईट नाही. बघून झाल्यावर आकृती काढतो का, माहिती वेगळी मांडतो का, की "हे कुठल्या धड्यातलं?" असं विचारतो, ते महत्त्वाचं.

लिहिण्याची कसोटी

एकाच विषयावर एकमेकांना छेद देणारे दोन छोटे लेख द्या. एका पानात तुझं मत लिही, आणि दोघांपैकी कोणाचं काय पटलं नाही ते सांग. शाळेतला निबंध लिहायची सवय असलेलं मूल बहुधा दोन्ही लेखांचा सारांश लिहून शेवटी "दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत" म्हणून मोकळं होतं.

पहिल्या कच्च्या लेखनावर मी निकाल देत नाही. शुद्धलेखन मी त्या वेळी बघतही नाही. दोनच शेरे लिहिते. उदाहरणार्थ, "हा मुद्दा कशावरून म्हणतेस?" आणि "तिसरा परिच्छेद पहिल्याच्या विरुद्ध जातोय का?" मग चार दिवसांनी दुसरं लेखन मागते. पहिल्या आणि दुसऱ्या लेखनातला फरक हीच खरी कसोटी. काही मुलं शेरा लिहिलेलं वाक्य तेवढं खोडून टाकतात. काही एखादा शब्द बदलतात. आणि एखादं मूल सगळा क्रम मोडून नव्याने मांडतं. कॉलेजात शेरे थोडे मिळतात आणि उशिरा मिळतात. त्या थोड्यातून घेता येणं ही तयारी.

कोणी आठवण करून देत नसताना

तीन आठवड्यांचं एक काम द्या. तारीख एकदाच सांगा, लिहून द्या, आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यांत जड जातं, विशेषतः घरच्यांना. मी त्यांना आधीच बजावते की या तीन आठवड्यांत "झालं का रे?" हा प्रश्न बंद. काम कसं झालं यापेक्षा कधी सुरू झालं हे मला जास्त सांगून जातं. शेवटच्या रात्री सुरू करून सुरेख काम आणणारी मुलं असतात. शाळेत ते निभावतं. एकाच आठवड्यात चार विषयांचं काम आलं की नाही निभावत.

याच काळात मुलाने मदत कशी मागितली तेही टिपून ठेवा. "मॅडम, काहीच कळलं नाही" आणि "तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली ते कळलं नाही" या दोन वाक्यांत मला फार मोठं अंतर दिसतं. जे मूल मदत मागतच नाही, त्याच्याकडे सगळ्यांत आधी लक्ष द्या. पुष्कळांना मदत मागणं म्हणजे कमीपणा वाटतो. ऑरेगॉन विद्यापीठातले डेव्हिड कॉनली कॉलेजच्या तयारीचे चार भाग सांगतात: विचार करण्याच्या पद्धती, विषयाचं ज्ञान, शिकण्याची कौशल्यं, आणि कॉलेज नावाची व्यवस्था कशी चालते याची माहिती. हा चौथा भाग घरात आधी कोणी कॉलेजात गेलं नसेल तर मुलाला कळणार तरी कुठून? कोणाला भेटायचं, विषय बदलायची मुदत कधी संपते, शिक्षकांना पत्र कसं लिहायचं, हे त्याला येत नसेल तर तो त्याचा कच्चेपणा समजू नका. अर्ध्या तासात सांगून टाका.

अंदाज विचारा

प्रत्येक कसोटीच्या आधी आणि नंतर मुलाला विचारा, "किती जमेल? किती जमलं?" आकडा लिहून घ्या. आकडा किती मोठा यापेक्षा तो खऱ्या निकालाच्या किती जवळ आहे ते बघा. १९९९ साली डनिंग आणि क्रूगर यांनी दाखवलं की ज्यांची कामगिरी सगळ्यांत कमी, त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला होता. माझ्याकडे उलट प्रकारची मुलंही येतात: उत्तम काम करून "फार वाईट गेलं" म्हणणारी. त्यांना चार आठवडे हा अंदाजाचा कागद ठेवायला लावा. स्वतःच्याच अक्षरातले आकडे समोर दिसले की त्यांची भीती हळूहळू ओसरते.

घाई करू नका, आणि वेगाला तयारी समजू नका

सावकाश वाचणारं मूल कच्चं असतं असं नाही. अक्षरवाचनाचा त्रास असलेली, घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असलेली, घरी लहान भावंडांना सांभाळत अभ्यास करणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना वेळ मोकळा सोडा. हवं तर मजकूर वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. तसं केल्यावर विचार स्पष्ट निघाला तर मूल तयार आहे, त्याला सोय हवी आहे. या दोन गोष्टी एकात मिसळल्या की फार मोठा अन्याय होतो, आणि तो मुलाला आयुष्यभर पुरतो.

निकाल कसा लिहायचा

"तयार" किंवा "तयार नाही" असं मी लिहीत नाही. एक पान लिहिते आणि त्याचे तीन भाग करते: एकट्याने काय करतो, एक इशारा दिल्यावर काय करतो, आणि इशारा देऊनही अजून काय जमत नाही. मधला भाग सगळ्यांत मोलाचा, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिथेच काम होतं. हे पान आधी मुलाला वाचायला द्या, मग पालकांना. मुलाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल ठरवलेलं मुलाला कळतं, आणि मग पुढच्या कसोटीत ते तुम्हाला खरं काही दाखवत नाही.

कशाला किती वेळ लागतो याचा माझा अनुभव सांगते. बीजगणितातल्या ठरावीक चुका रोज अर्धा तास दिला तर सहा-सात आठवड्यांत जातात. वाचनाची पद्धत दहा-बारा आठवड्यांत बदलताना दिसते. लिहिण्याला मात्र वर्ष द्यावं लागतं, म्हणून ही तपासणी शेवटच्या वर्षाच्या शेवटी करू नका, निदान एक वर्ष आधी करा. दोन-तीन महिन्यांनी तीच कसोटी नव्या पानांवर पुन्हा घ्या.

पट्टीने रेघा मारणारा तो मुलगा अकरा आठवड्यांनी पुन्हा माझ्यासमोर बसला. या वेळी पट्टी आणली नव्हती. चौथ्या पानावर तो थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि समासात काहीतरी लिहिलं. नंतर मी ते पान पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, "हे दोनदा वाचलं. अजून नाही कळलं. आकृतीत रेघ खाली का वळते?"

प्रश्न चांगला होता. आम्ही तिथूनच सुरुवात केली.